झडतीखाली नाव कोणाचं

७ जुलै

प्राचार्यांना कार्यशाळेला पाठवणं कायद्याने बंद केलं पाहिजे. मागच्या वर्षी ते योगासनं शिकून आले आणि आम्ही सगळे महिनाभर प्रार्थनेनंतर ताडासनात उभे. यंदा पुण्याहून संशोधन घेऊन आले आहेत. बारावीच्या पोरांना कॉलेजच्या दर्जाचं संशोधन-लेखन शिकवायचं. प्रश्न मांडा, पुरावा गोळा करा, संदर्भ द्या, मग निष्कर्ष काढा. "दीपा मॅडम, तुमची पीएचडी चालूच आहे, तेव्हा हे तुमच्याकडे." माझी पीएचडी सहा वर्षांपासून चालू आहे हे खरं. ती कुठे चालली आहे ते मलाही ठाऊक नाही.

नाही म्हणायची सोय नाही. मी तासिकेवरची बाई. तास झाला तर पगार, सुट्टी आली तर हरी हरी. सप्टेंबरात मराठीची एक कायमची जागा भरणार आहेत आणि ती कोणाला द्यायची हे संस्थेचे अध्यक्ष बबनराव ठरवणार. बबनरावांना इथे सिनियर कॉलेज पाहिजे. त्यासाठी अमरावतीहून दोन पाहुणे पाहणीला येतील आणि आपली पोरं त्यांच्यापुढे संशोधन वाचतील, असा बेत आहे. पोरं तोंडावर पडली की माझी जागाही गेली. मला ती जागा हवी आहे. इतकी की ताडासनातसुद्धा मी सगळ्यांच्या आधी उभी राहत होते.

राहतेही बबनरावांच्याच बंगल्यामागच्या खोलीत. त्यांच्या आई, वच्छलाबाई, संध्याकाळी चहा घेऊन येतात. ऐंशी पार केलेल्या, अगदी भोळ्या. ओठांवर सारखं काहीतरी पुटपुटणं चालू असतं, जप असावा. घरात त्यांच्याशी "माय, दूध तापलं का" याच्या पलीकडे कोणी बोलत नाही. मी दिवसभराच्या गमती सांगते, त्या ऐकतात. बिचारीला तेवढाच विरंगुळा.

१२ जुलै

पहिले निबंध आले. अकराच्या अकरा "आजच्या आधुनिक युगात" इथून सुरू होतात. सोयाबीनवरचाही आणि मोबाईलच्या दुष्परिणामांवरचाही, जो अर्थात मोबाईलवरूनच उतरवला आहे.

विक्कीने तर कमाल केली. त्याने कोणाचा तरी अख्खा प्रबंध उचलला, पार ऋणनिर्देशासकट. बारावी 'अ'चा विक्की लिहितो, "माझ्या पत्नीने दोन्ही मुलींचा सांभाळ करून मला वेळ दिला नसता तर हे कार्य पूर्ण झाले नसते." मी वर्गात मोठ्याने वाचलं. वर्ग बाकावरून खाली पडला. विक्की उभा राहून म्हणतो, "मॅडम, आता पोरी झाल्याच तं नावं बी तुम्हीच ठेवा."

मी फोन बंद केले. सांगितलं, जे अजून कुठेच छापलेलं नाही ते शोधा. गावात फिरा, माणसांना विचारा. आणि प्रत्येक वाक्याखाली ते कोणाचं, कधीचं, कुठलं हे आलंच पाहिजे. नाव नाही तर संशोधन नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

१९ जुलै

पालकांच्या तक्रारी. पोरं घरोघरी संदर्भ मागत सुटली आहेत. विक्कीचे वडील म्हणाले, "आमी शाळेत तीन कोस पायी जात होतो." हा म्हणाला, "बाबा, पुरावा?" मग हा आजीकडे गेला, चौकशी केली, तर शाळा घराच्या मागेच निघाली. वडिलांनी पुरावा म्हणून चप्पल दाखवली.

वच्छलाबाईंना हे सांगितलं तर त्या डोळ्याला पदर लावून हसल्या. मग एकदम गंभीर. "काय वं दीपा, म्हणजे ज्यानं केलं त्याचं नाव टाकाच लागते?"

"टाकावंच लागतं, आजी."

"अन् थो म्हणाला, नोको टाकू, तं?"

मी त्यांना संमती म्हणजे काय, मुलाखत देणाऱ्याचा अधिकार म्हणजे काय, सगळं नीट समजावलं. चहा निवला तरी मी बोलतच होते. त्या कप उचलून उठल्या. त्यांच्या डोक्यावरून गेलं असणार. उगाच शिणवलं म्हातारीला.

२ ऑगस्ट

चक्कीवाल्याची सुरभी हे माझं हुकमी पान. डोकं तल्लख, मान ताठ. तिने विषय आणला: आमच्या गावच्या पोळ्याच्या झडत्या. मी राजूरची, खाणीच्या कॉलनीत वाढलेली. आमच्याकडे पोळा म्हणजे लाकडी बैल आणि पुरणपोळी. झडत्यांबद्दल फक्त पुस्तकात वाचलेलं. पोळा भरला की तोरणाखाली गडीमाणूस खड्या आवाजात यमक जुळवलेली टवाळी म्हणतो, गावातल्या मोठ्यांची हजामत करतो, शेवटी सगळे "हर बोला" म्हणतात. किती छान लोकसाहित्य! मी लगेच मंजूर केलं. विक्कीलाही तिच्या जोडीला दिलं, म्हणजे त्याचं दुसरं लग्न तरी टळेल.

या गावात झडत्या म्हणतो उकंडा. बबनरावांचा जुना सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, आवाज असा की कळंबपर्यंत जावा. दोघं त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "म्या नाही करत बापा. मी निस्ता वरडतो." मग करतं कोण? "मले काय माईत. पोळा आला का येते."

मी सुरभीला सांगितलं, "पोळा आला का येते" हा संदर्भ होत नाही. खोदत राहा.

२२ ऑगस्ट

पोळा! झुली, बेगड, घुंगरं, सगळा गाव चावडीपुढे. बायका तोरणाखाली जात नाहीत, म्हणून मी वच्छलाबाईंसोबत बंगल्याच्या ओट्यावर. बबनराव फेटा बांधून मानाच्या जोडीजवळ उभे. उकंडा पुढे आला, कानावर हात ठेवला आणि सुरू झाला:

पाट्यावर पाटा, पाट्यावर वरवंटा,
कालेजात मास्तर नाही, वाजून राह्यली घंटा.
कपाटात पुस्तकं, कपाटाले टाळं,
वाचून झालं शायनं, म्हणते कसं मले,
अध्यक्ष होतो मीच आता, बबन्या कायले!

अरे बापरे. गाव असं हसलं की बैल बुजले. मला दोन धक्के बसले. एक म्हणजे "मास्तर नाही". मी आहे ना! तासाची का असेना, पण आहे. आणि दुसरा म्हणजे "बबन्या". या गावात कलेक्टरसुद्धा त्यांना बबनरावजी म्हणतो आणि हा सालदार सगळ्या पंचक्रोशीपुढे बबन्या म्हणतो. काय छाती म्हणावी उकंडाची! बबनराव दात दाखवत होते, पण ते हसू नव्हतं. तरी त्यांनी रीतीप्रमाणे उकंडाला नारळ दिला. पोळ्यात बोललेलं मनात धरायचं नाही, पोळा फुटला की विषय संपला, असा इथला नेम आहे म्हणे.

वच्छलाबाईंचे ओठ सगळा वेळ हलत होते. एवढ्या गोंधळातही जप सुटत नाही या बाईंचा. मध्येच मात्र त्यांनी कपाळावर हात मारला. लेकाचा अपमान लागला असेल, आईच शेवटी.

२४ ऑगस्ट

संध्याकाळी झडती मोठ्याने वाचत होते. वच्छलाबाई दारात थबकल्या. "मधली एक ओळ गेली त्यातली."

"गेली म्हणजे?"

"अवं, टाळं लागल्यावर वाचलं कोनं? अध्यक्ष कोन होते म्हनते? काही बूड हाये का त्याले?"

मी हसले. म्हटलं, आजी, लोकसाहित्यात अशा तुटलेल्या जागा असतातच. तिथे ऐकणाऱ्याची कल्पना काम करते. तेच तर त्याचं सौंदर्य.

"सौंदर्य कायचं डोंबलाचं. उकंडा इसरला."

"तुम्हाला काय माहीत? आणि समजा विसरला असला, तरी आपण आपल्या मनाचं घालायचं नसतं. मूळ पाठाला हात लावायचा नाही, हा नियम आहे."

त्या माझा रिकामा कप उचलत म्हणाल्या, "बरं बाई. तू शिकेल हायेस."

सुरभी आजकाल माझ्याकडे येते म्हणून निघते आणि आधी यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. पुरण शिकते म्हणे. परीक्षेच्या वर्षी पुरण! मी तिला झापलं. ती खाली मान घालून हसली.

१ सप्टेंबर

सुरभीचा लेख आला. वाचून माझी छाती फुगली, आणि लगेच बसलीही. जुन्या-नव्या झडत्या, कोणत्या साली कशावर टवाळी झाली, गावातल्या तंट्यांशी त्यांचा मेळ, सगळं चोख. पण निम्म्या झडत्या बबनरावांवर! शेताकडे वळलेला रस्ता, न आलेलं पाणी, कॉलेजच्या कपाटात कुलूपबंद पडलेली पुस्तकं. पाहुण्यांपुढे आणि बबनरावांपुढे हे वाचायचं? मी तिला म्हटलं, रचनाकाराच्या जागी "अज्ञात" टाक आणि अध्यक्षांवरच्या काढून टाक.

"अज्ञात काहून टाकू? मले माहीत हाये कोणाच्या हायेत ते."

"कोणाच्या?"

"संमती भेटली नाही अजून. तुम्हीच तं सांगतलं, संमतीबिगर नाव फोडाचं नाही. तुम्हाले बी नाही."

माझंच शिकवणं माझ्याच गळ्यात. कुठून सुचलं मला हे शिकवायचं! चिडले की माझी प्रमाणभाषा पळून जाते, ओरडले, "मंग आता मले शिकवतं काय वं तू!" विक्की दारामागे खी खी करत होता. त्यालाही झापलं.

९ सप्टेंबर

बबनरावांनी बोलावलं. लेखाची कुणकुण त्यांना लागली आहे. आवाज गोड होता, तेव्हाच मी घाबरले.

"मॅडम, पोळ्याचं पोळ्यालेच संपते. आमी हसतो, सोडून देतो. पन कागदावर आलं का थे वर्षभर चालते. तुमच्या पोरीनं माह्यावरचं थे पान गाळाव." मग जरा थांबून, "अन् उकंडाचं मी पाहून घेतो. पाहुने गेले का त्याचा हिशेब करून टाकतो. लय वर्सं झाली, लय तोंड सुटलं त्याचं. सोमवारी तुमची मुलाखत हाये नं?"

म्हणजे मी पान गाळलं तर मला जागा, नाही गाळलं तर नाही. आणि उकंडा दोन्हीकडून गेला. त्याचं वय काय, आता दुसरीकडे कोण ठेवणार त्याला? आणि हे सगळं माझ्या त्या फळ्यावरच्या दोन रेघांमुळे. पोळ्याचा तो नेमच मी मोडायला लावला. हे लोक वर्षानुवर्षं नाव न घेता बोलत होते, हसत होते, आणि मी शहाणी आले की नाव सांगा.

खोलीवर येऊन रडले. वच्छलाबाई आल्या तर त्यांच्यापुढे सगळं ओकून टाकलं, जागेचंही आणि उकंडाचंही. त्यांच्याच मुलाविरुद्ध बोलतेय हेही विसरले. त्यांनी दोनदा विचारलं, "उकंडाले काढतो म्हनला? तोंडानं म्हनला?" मी हो म्हटलं.

त्या भाकरी घेऊन आल्या. "तू जेव. पोरीले वाचू दे, काही होत नाही." मग जाता जाता, "पाहुने येतीन त्या दिवशी मी कोन्तं लुगडं नेसू? हिरवं का जांभळं?"

मी जांभळं म्हटलं. वय झालं की माणसाला दुसऱ्याचं दुःख फार वेळ धरून ठेवता येत नाही, त्यांचा काय दोष.

१२ सप्टेंबर

आजचं आजच लिहून टाकते.

सकाळी सुरभीला शेवटचं विचारलं, पान गाळलंस का? म्हणाली, "गाळलं तं ते माह्य संशोधन राहत नाही, मॅडम. तुमचं होते." मी खुर्च्या मोजायला गेले.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत पाहुणे आणि बबनराव. आणि जांभळ्या लुगड्यात वच्छलाबाई. कॉलेजच्या आत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या म्हणे. मागे दाराशी उकंडा, त्याला विक्की जबरदस्तीने घेऊन आला होता. सुरभीने झडतीचा इतिहास वाचला, पाहुणे माना डोलवू लागले. मग तिने यंदाची झडती घेतली आणि एक ओळ जास्तीची वाचली:

कपाटात पुस्तकं, कपाटाले टाळं,
उंदरीन तिथं बाळंतली, लेकरू झालं काळं.
वाचून झालं शायनं, म्हणते कसं मले,
अध्यक्ष होतो मीच आता, बबन्या कायले!

मी कागद चाचपू लागले. ही ओळ आली कुठून? पाहुण्यांपैकी बाई खुदकन हसल्या आणि मग सगळं सभागृहच फुटलं. बबनराव उठले. "बस झालं. मॅडम, हिले खाली बसवा."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला सोमवार दिसत होता. मला ती जागा दिसत होती, शिक्क्यासकट. आणि सुरभी माझ्याकडे पाहत होती, मान ताठ. मी म्हटलं, "सर, तिचा संदर्भ राहिला आहे. संदर्भाशिवाय बसवता येत नाही." हे मी कसं म्हटलं ते मला सांगता येणार नाही.

"मंग सांग नं!" बबनराव गरजले. "सांग नाव! होऊन जाऊ दे!" आणि त्यांनी वळून दाराकडे, उकंडाकडे बोट केलं.

सुरभीने पान उलटलं आणि शांतपणे वाचलं, "रचना, वच्छलाबाई. बबनरावांच्या आई. तोंडी मुलाखत, त्यांच्या स्वयंपाकघरात. संमती काल संध्याकाळी भेटली."

बबनरावांचं बोट तसंच हवेत राहिलं.

वच्छलाबाई उठल्या. काठी नव्हती, सुरभीनेच खाली येऊन हात दिला. म्हणाल्या, "हो, माह्याच हायेत साऱ्या. याच्या बापावरच्या बी माह्याच होत्या. उकंडाचा निस्ता गळा." मग बबनरावांकडे पाहून, "त्याले कायले काढतं? काढाचं असन तं मले काढ."

पाहुण्या बाईंनी विचारलं, "पण आजी, मुलावरच का?"

"घरात बोलली तं कोन आयकते, माय? दूध तापलं का, इतकंच इचारते थो. पोळ्याले तोरनाखाली सारं गाव आयकते. थ्या दिवशी हा बी उभा राहून आयकते, हालत नाही. म्हनून मी वर्सभर जुळवतो."

कोणी हसलं नाही. मग मागून उकंडाने डोळे पुसत एकट्यानेच "हर बोला" म्हटलं आणि सभागृहाने ते उचललं.

आणि मी! मी या बाईला मूळ पाठाला हात लावू नको म्हणून शिकवलं होतं. तिच्या जपाचं कौतुक करत होते. सहा वर्षं पीएचडी करून मला समोर चहा घेऊन बसलेला माणूस दिसला नाही. घरी येऊन उशीत तोंड खुपसलं, आधी लाजेने आणि मग हसून हसून.

१५ सप्टेंबर

मुलाखत. मंडळात बबनराव, प्राचार्य आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. तज्ज्ञांनी अलंकार विचारले, मी सांगितले. बबनराव खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी म्हणाले, "माह्यावर एकून किती हायेत?"

खरं सांगू की पोट सांभाळू? म्हटलं, "सुरभीच्या लेखात आहेत त्या सगळ्या, सर. आणि आजी म्हणतात की अजून बऱ्याच आठवायच्या आहेत."

ते खिडकीकडून वळले. प्राचार्यांना म्हणाले, "बाईले घ्या. नाही घेतलं तं पुढच्या पोळ्याले गावात तोंड दाखवाले जागा राह्यची नाही. अन् थ्या कपाटाचं टाळं काढा, आजच."

बाहेर विक्की पेढे घेऊन उभा होता. माझ्याआधी त्याला कसं कळलं, ते विचारलं नाही. उकंडाचा हिशेबबिशेब काही झाला नाही, तो गोठ्यात बैलांशी बोलत होता. मी खोलीवर जाऊन आईला फोन लावला आणि दोघी नुसत्या रडलो.

१७ सप्टेंबर

आज सकाळी एक पाहिलं ते लिहून ठेवते. माझ्या खिडकीतून बंगल्याचं स्वयंपाकघर दिसतं. वच्छलाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. बबनराव आत आले. नेहमी दारातूनच दूध विचारून जाणारा माणूस, आज पाट ओढून खाली बसला. बराच वेळ नखाने पाटाची कड खरवडत होता. मग म्हणाला, "माय, काय म्हननं हाये तुह्यं? सांग. मी आयकतो."

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता त्या सगळं बोलून टाकतील, आयुष्यभराचं. मी खिडकीशी उभी.

त्यांनी लेकाच्या पुढ्यात कपभर दूध ठेवलं आणि म्हणाल्या, "पोळ्याले सांगीन."